तपासणीपुरत्या बाई

सोमवार, २ जून

निवृत्तीनंतर दैनंदिनी बंदच केली होती. लिहायचं तरी काय, सकाळी दूध उतू गेलं, दुपारी डोळा लागला, संध्याकाळी भावजयीशी कुकरच्या शिट्ट्यांवरून वाजलं. पण आजचं लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

माझा विद्यार्थी घरी आला होता. तंत्रनिकेतनात माझ्याकडे शीतकरण शिकायला होता, मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघण्यात त्याची सगळी वर्षं गेली. आता त्याची स्वतःची शिक्षणसंस्था आहे. गाडी खाली थांबवून जिने चढत आला आणि दारातूनच "बाई, येऊ का आत?" असं विचारलं, जसा काही अजून माझ्या तासाला उशीर झालाय. मी म्हटलं, ये, आज तरी शिक्षा नाही.

त्याचं म्हणणं असं की गावाबाहेर कारखाने आले, औषधांची शीतगृहं आली, सगळ्यांना शिकलेले हात हवेत आणि ते मिळत नाहीत. सरकारही म्हणतंय, पदवीच्या जागा वाढवा, मुलांना कामाचं शिकवा. म्हणून तो शीतकरणाची चार वर्षांची पदवी सुरू करतोय आणि त्याला विभागप्रमुख हव्यात. "बाई, तुमच्याशिवाय हा विभाग उभाच राहणार नाही," म्हणाला. अगदी ह्याच शब्दांत.

उभी हयात शिकवलं, पण ती खुर्ची काही माझ्या वाट्याला आली नाही. आधी एक साहेब होते, त्यांना कॉम्प्रेसर आणि पाण्याची मोटर यांतला फरक कळत नसे. ते गेले तेव्हा वाटलं, आता आपण. तर त्यांचे मेहुणे आले. मी ह्याबद्दल कधी कुणापुढे चकार शब्द काढला नाही. तरी माझ्या विद्यार्थ्याला बरोबर ठाऊक होतं. मागच्या बाकावरून सगळं दिसतं म्हणतात ते खरं असणार.

विचार करून कळवते, म्हटलं. तो जिना उतरेपर्यंत माझा विचार करून झाला होता.

भाऊ म्हणाला, "ताई, इतक्या वर्षांनी आजच बरी तुझी आठवण झाली?" ह्याचं नेहमीचंच. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.

शनिवार, ७ जून

कॉलेज पाहून आले. तीन मजली इमारत, रंग अजून वाळलेला नाही, कठड्याला हात लावला तर तळवा निळा झाला. तळमजल्यावर प्रयोगशाळा. डोळे निवले अगदी. कॉम्प्रेसर तपासायची बाकं, गॅस भरायचं यंत्र, शिकायला म्हणून एक छोटी शीतखोली, सगळं कोरं करकरीत आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मी एकाचं आवरण जरा वर केलं तर कारकून धावत आला, आवरण काढायचं नाही असं वरून सांगितलंय म्हणाला. उद्घाटनापर्यंत जपत असतील. तंत्रनिकेतनात नवीन यंत्राचं आठवड्यात भंगार होत असे, त्यापेक्षा हे बरं.

वरच्या मजल्यावर एका दारावर माझं नाव, खाली विभागप्रमुख. कोणी बघत नाही असं पाहून मी ते दोनदा वाचलं.

बाकीचे प्राध्यापकही भेटले. एक जण सारखा फोनवर विम्याच्या हप्त्यांबद्दल बोलत होता. दुसरे एक वयस्कर गृहस्थ, त्यांनी मला हळूच विचारलं, आपला विषय कोणता हो? मी म्हटलं, शीतकरण. "छान," म्हणाले, "म्हणजे थंड करायचं." नवीन जागी माणूस बावरतो. माझी जुनी पुस्तकं वाचायला देते म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच येडबंबू आहे.

गुरुवार, १२ जून

पहिल्या सत्राचं वेळापत्रक तयार केलं. कोणाला कोणता तास, प्रयोग कधी, गट कसे पाडायचे, सगळं. फोन करून माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? तुम्ही फक्त मंगळवारी या." किती जपतो. भावजयीला मुद्दाम ऐकवलं. ह्या घरात मी आजारी असले तरी कोथिंबीर निवडायला बसवतात.

मंगळवार, १७ जून

मान्यतेची तपासणी झाली. समितीचे तिघे आले होते. सकाळी सगळ्या प्राध्यापकांचे अंगठे हजेरीच्या यंत्रावर नोंदवून घेतले, विमावाल्यांच्या अंगठ्याला यंत्र हो म्हणेना, बिचारे घामाघूम झाले. समितीने मला विचारलं, या पदवीतून काय साधणार. मी जे सुरू केलं ते थांबेचना. म्हटलं, साहेब, शीतगृह बंद पडलं तर लाखो माणसांची औषधं वाया जातात, आणि ते बंद पडलं की आपण दुसऱ्या देशातून माणूस बोलावतो. आपल्या पोरांच्या हातात पाना आणि डोक्यात शास्त्र दोन्ही द्यायचं आहे. समितीतल्या बाईंनी वहीत लिहून घेतलं.

माझा विद्यार्थी दाराशी उभा होता. निघताना म्हणाला, "बाई, मैदान मारलंत." फार दिवसांनी कोणीतरी शाबासकी दिली.

बुधवार, १८ जून

आज कॉलेजात गेले. वॉचमन मला बघून दचकलाच. "आज? आज काय आहे?" म्हणाला. मी म्हटलं, काम. प्रयोगशाळेपुढे टेम्पो उभा होता आणि चाचणीची बाकं त्यात चढवत होते. हमाल म्हणाले, दुसऱ्या गावच्या कॉलेजात चालली. नवीन यंत्रं एकदा मापून, जुळवून घ्यावी लागतात, ती सोय तिकडे असेल. फक्त हमालांनी शीतखोली आडवी घातली. शीतखोली आडवी घालायची नसते, कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत चढतं. मी ओरडले तेव्हा उभी केली.

रविवार, ६ जुलै

आज घरात रणधुमाळी. विषय मुंगी.

मुंगी म्हणजे माझी भाची, भावाची मुलगी. लहानपणी सारखी काहीतरी उचलून घरात आणायची म्हणून मीच ते नाव ठेवलं. बारावीनंतर औषधांच्या शीतगृहात यंत्रांच्या खोलीत हाताखाली लागली. तिथले साहेब खूश आहेत, वर्षअखेर कायम करतो म्हणालेत. मी म्हटलं, कायम काय करतील, कायमची हाताखालीच ठेवतील. पदवी घे, मग त्याच यंत्रांच्या खोलीत तू साहेब म्हणून शिर.

भाऊ म्हणाला, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. भावजय म्हणाली, पोरीला विचारा. मुंगीने माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "आत्या, कॉलेज चांगलं आहे ना?"

मी म्हटलं, "अगं, मी आहे ना तिथे."

झालं. उद्या ती राजीनामा देते आहे. भाऊ जेवताना एक शब्द बोलला नाही, पण त्याने ताटात काही टाकलंही नाही, म्हणजे फारसा रागावलेला नसावा.

सोमवार, २१ जुलै

पहिला तास. वर्ग भरलेला, मुली जवळजवळ निम्म्या, मुंगी पहिल्या बाकावर. गणिताचे प्राध्यापक आले नाहीत, त्यांचा तास मीच घेतला. कार्यशाळेचेही आले नाहीत. विमावाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, परत तपासणी आहे का?" मी म्हटलं, नाही हो, तास आहे. ते हसायला लागले आणि फोन कट झाला. रेंजचा फारच त्रास आहे.

यंत्रं अजून परत आलेली नाहीत.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मुलांनी अजून एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. फळ्यावर कॉम्प्रेसर काढून काढून माझा खडू संपला. कार्यालयात रोज विचारते, यंत्रं कधी येणार, तर कारकून म्हणतो, येतील, आणि कान खाजवतो.

शेवटी आज घरचा फ्रिज नेला. जुना आहे, हल्ली नीट गारही करत नाही, पण शिकायला असाच बरा, आजारी माणूस असल्याशिवाय डॉक्टर कसा शिकणार. हातगाडीवाल्याला उभा न्यायला लावला. भावजय जिन्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वन्सं, पाट्या-वरवंट्याचंही काही शिकवत असाल तर सांगा, आत्ताच बांधून देते." मी म्हटलं, माठ आहे ना, पूर्वीची माणसं काय मरत होती.

पण काय तास झाला आज. मागची जाळी काढली, कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा रिले काढला, कॉम्प्रेसरची तीन टोकं उघडी केली. मीटर लावून कोणतं टोक कोणतं ते ओळखायचं. ज्या दोन टोकांत विजेला विरोध सगळ्यांत जास्त, त्यांतलं एक चालू करणारं, एक चालतं ठेवणारं, आणि उरलेलं ते सामाईक. मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. घंटा झाली तरी कोणी हलेना. हा आनंद मला खुर्चीपेक्षा मोठा वाटला, आणि मला खुर्ची किती हवी होती ते मलाच ठाऊक.

मंगळवार, १९ ऑगस्ट

मुंगीचं काहीतरी बिनसलंय. घरी माझ्याशी हो-नाही एवढंच. कॉलेजला जाताना पूर्वी माझ्याबरोबर निघायची, आता आधी निघते. वर्गात मात्र सगळं नीट करते, आज साबणाचा फेस लावून फ्रिजच्या नळीतली गळती तिनेच शोधली. मी शाबास म्हटलं तर मान वळवली.

भावजयीला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच विचारा. कॉलेजची हवा लागली असेल पोरीला, दुसरं काय. पदवीची पायरी चढली नाही तोच आत्या जुनाट वाटायला लागते.

सोमवार, ८ सप्टेंबर

आजचं लिहून ठेवते.

संचालकांनी, आता त्यांना माझा विद्यार्थी म्हणवत नाही, केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तब्येत विचारली. मग म्हणाले, गुरुवारी दुसऱ्या गावच्या आपल्या कॉलेजात तपासणी आहे, बाई, एक दिवस जाऊन याल का? गाडी पाठवतो.

मी म्हटलं, जाईन की, पण तिथल्या विभागप्रमुखांना माझी लुडबुड चालेल का? कोण आहेत ते?

"तुम्हीच आहात, बाई."

मला कळेना. मी म्हटलं, अरे, मी इथे आहे ना. तर ते हसले, आणि मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "बाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

खोटं बोलत असते तर मी चार शब्द सुनावून उठले असते. पण त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मी कधीकाळी त्यांना उष्णतेचे नियम समजावायची तसं, सावकाश. सगळीकडे असंच असतं. मागणी एवढी आहे की सगळं जमवत बसलं तर पदवी सुरूच होणार नाही. आधी मान्यता, मग यंत्रं, मग माणसं. तोवर जी यंत्रं आहेत ती तपासणी असेल तिकडे जातात. प्राध्यापकांची नावंच तेवढी लागतात. "तुमचं नाव भारी, बाई, आणि तुम्हाला तसं दुसरं काही कामही नव्हतं. रोज येऊ लागलात तेव्हा मला वाटलं, बाईंना घरी करमत नसेल. म्हणून मी कोणाला अडवू दिलं नाही."

म्हणजे शिकवायची त्यांनी मला मुभा दिली होती. म्हाताऱ्या माणसाला गच्चीत कुंड्या लावू देतात तशी.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. दुखलं नाही, फक्त मान जागेवर नाही असं वाटलं. मी उठले आणि म्हटलं, "तुम्ही मला विचारायला हवं होतं." ह्या मुलाला मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. त्यांना ते बहुतेक बरं वाटलं.

गुरुवारी मी गेले नाही. म्हणजे जाणार नाही. आज सोमवारच आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मुंगीला सांगायला हवं होतं. तीन दिवस तोंड उघडेना. आज ती माठातलं पाणी घेत होती, तिथेच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ती भांडं हातात धरून ऐकत राहिली.

तिला ऑगस्टपासून ठाऊक होतं. दुसऱ्या वर्गांतल्या मुलांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, यंत्रं फिरती आणि प्राध्यापक तपासणीपुरते, तुझी आत्यासुद्धा तपासणीलाच होती की. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. ती पोरं रोज माझ्यासमोर बसून फ्रिजच्या नळ्या पुसत होती.

मी म्हटलं, मग मला विचारलं का नाहीस?

"काय विचारू? आत्या, मला वाटलं तुला माहीत आहे. सगळं माहीत असून मला नोकरी सोडायला लावलीस. मला वाटलं, पाप फेडायला म्हणून रोज शिकवायला येतेस."

त्या माणसाने मला फसवलं त्याचं मला इतकं लागलं नव्हतं. तो परका. ही माझ्या मांडीवर वाढली आणि महिनाभर मला असं समजून माझ्याच हातची पोळी गिळत होती.

"आणि आता काय वाटतं?" मी विचारलं.

तिने भांडं माठावर ठेवलं. मग म्हणाली, "तुला माहीत असतं तर बरं झालं असतं. रागावून मोकळी तरी झाले असते."

रविवार, २८ सप्टेंबर

शीतगृहात मुंगीच्या जागी दुसरी मुलगी घेतली. मी स्वतः जाऊन त्या साहेबांना भेटले, माझी चूक, मुलीची नाही, असं सांगितलं. ते चांगले आहेत, पण जागा एकच होती.

भाऊ मला काही बोलला नाही. मी वाट पाहत होते की बोलेल, मी तुला सांगितलं होतं म्हणेल, भांडता तरी येईल. तो फक्त बाजारातून रोज थोडंच दूध आणतो आता, फ्रिज नाही म्हणून, आणि ते सुद्धा न बोलता.

मी राजीनामा लिहिला होता. भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही गेलात तर त्या पोरांना कोण शिकवणार? भिंती?" आणि मी राहिले तर त्यांचं दुकान चालतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. राजीनामा फाडला आणि तास घ्यायला गेले.

सोमवार, १० नोव्हेंबर

संचालकांनी जागा चौपट करायचा अर्ज केला आहे. पुढल्या आठवड्यात समिती येणार. मी ठरवलं, समितीला सगळं सांगायचं.

घरात सांगितलं. भाऊ तेव्हा प्रथमच बोलला. "ताई, तू खरं बोललीस की मान्यता जाईल. पोरीची नोकरी गेली, आता वर्षही जाईल. तुझं मन हलकं होईल, तिचं काय?" मी मुंगीकडे पाहिलं. म्हटलं, तू नको म्हणालीस तर नाही बोलणार.

"बोल," ती म्हणाली. "आणखी चौपट पोरी आल्यावर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

तिच्या आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला मात्र कोणी हात लावला नाही, आणि ते बरोबरच होतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

यंत्रं सकाळी टेम्पोतून आली. विमावालेही आले, या वेळी टाय लावून.

मला वाटलं होतं समिती आधी आम्हाला भेटेल. मी वाक्यं पाठ करून गेले होते. पण समितीचे अध्यक्ष म्हणाले, आधी विद्यार्थ्यांशी बोलू, विद्यार्थी खोटं बोलत नाहीत. आम्हाला बाहेर बसवलं आणि मुलांना आत घेतलं. दार उघडंच होतं.

त्यांनी विचारलं, इथे खरंच शिकवतात का? कोणीतरी म्हणालं, बाई रोज शिकवतात. मग त्यांनी विचारलं, काय शिकवलं ते दाखवा. ती नवीन बाकं कोणाला चालवता येणार, मुलांनी आज प्रथम पाहिलेली. मुंगी उठली आणि कोपऱ्यातल्या आमच्या घरच्या फ्रिजकडे गेली. जाळी काढली, मीटर लावला, एकेक टोक ओळखून दाखवलं. रिले का कटकन वाजतो ते सांगितलं. गळती कशी शोधायची ते दाखवलं. एका मुलाने फळ्यावर आकृती काढली. माझी मुलं. त्या वेळी मी सगळं विसरले, पाठ केलेली वाक्यंसुद्धा. बाहेर बाकावर बसून माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

मग मला बोलावलं. मी सांगितलं. एकही पूर्णवेळ प्राध्यापक नाही, मी एकटी आहे. ही यंत्रं आज सकाळी आली, संध्याकाळी जातील. पहिल्या तपासणीला मीही अशीच बसवलेली होते, मला कळलं नव्हतं, पण बसले होते.

अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आता हे उठतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमची तळमळ कळते. उणिवा सगळीकडे असतात. पण ह्या दौऱ्यात आम्ही किती कॉलेजं पाहिली, कुठल्याच विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काही करून दाखवलं नाही. इथे घरगुती फ्रिजवर शिकवताय तुम्ही. हे आम्ही अहवालात मुद्दाम नमूद करणार आहोत."

मी म्हटलं, साहेब, फ्रिज आणला कारण दुसरं काही नव्हतं.

"तेच तर कौतुक," ते म्हणाले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जागा चौपट झाल्या. मान्यता पाच वर्षांसाठी.

संचालकांचा फोन आला. मी समितीला काय बोलले ते त्यांना कळलं होतं, तरी आवाजात राग नव्हता. उलट गोड. "बाई, तुम्ही शिकवलं नसतंत तर आपण गेलो होतो. तुमच्यामुळे तरलो." आणि खरोखर, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी विमावाल्यांसारखी घरी बसले असते तर मुलं समितीपुढे गप्प उभी राहिली असती आणि त्या कॉलेजला टाळं लागलं असतं.

मुंगी दिवसभर रडली. म्हणाली, आत्या, मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, बाळा, येत असताना येत नाही म्हणायला मी तुला शिकवलं नाही. पहिल्यांदाच ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. म्हणजे आमचं जुळलं. किती किंमत देऊन जुळलं ते पुढे कळेल.

सोमवार, १२ जानेवारी

पुढल्या वर्षाचे प्रवेश आत्तापासूनच सुरू झाले आहेत. आज एक बाई मुलीला घेऊन घरी आल्या. मुलगी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती, आता तयार कपडे तपासायच्या कामावर घेतलंय, म्हणजे एक पायरी वर. शिवणयंत्राची दुरुस्तीही शिकवणार आहेत म्हणे. पण कॉलेजचं नाव सगळीकडे गाजतंय, नोकरी सोडवून तिथे घालू का, एवढंच विचारायला आल्या होत्या. मला ओळखणारं कोणीतरी त्यांना म्हणालं होतं, बाई खरं ते सांगतात.

मी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. फिरती यंत्रं, तपासणीपुरती माणसं, मी एकटी, एक मोडका फ्रिज, आणि आता चौपट मुलं. म्हटलं, अजिबात नोकरी सोडू नका.

त्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तुमची भाची कुठे शिकते?"

मी म्हटलं, तिथेच.

"काढणार आहात तिला?"

तिची जागा गेली, वर्ष निम्मं झालं, आता काढून कुठे पाठवू, असं काहीबाही मी म्हणाले. मलाच ते ऐकवेना. बाई उठल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "आपलं लेकरू वर चढलं की शिडी काढून घ्यायची, हे आम्ही लई जणांकडून पाहिलंय. तुमच्याकडून वाटलं नव्हतं, बाई."

मुंगी आतून धावत आली. "मावशी, आत्या खरं सांगते आहे, शपथ." त्या बाईंनी तिच्या गळ्यातल्या कॉलेजच्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग मुलीचा हात धरून जिना उतरल्या. मी कठड्यावरून हाका मारल्या. मुलीने एकदा वर पाहिलं, आईने नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळी कॉलेजात शिरताना प्रवेशाच्या खिडकीपुढे रांग होती, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. त्या दोघी मधेच कुठेतरी उभ्या होत्या. आईने मान फिरवली. मुलगी मात्र माझ्याकडे बघून जरा घाबरत हसली, नव्या बाईंकडे बघून हसतात तसं. रात्रपाळीवरून परस्पर आली असावी, ओढणीला दोरे चिकटलेले होते. मी थांबले. घंटा झाली, मी वर्गात गेले.